बाईंनी नापास केलं

परदेशातून सेवेला येणाऱ्या पोरापोरींना इथली भाषा शिकवायचं काम बाईंकडे आलं ते त्या शाळेतून निवृत्त झाल्यावर. शाळेतली एक खोड मात्र त्यांनी बरोबर आणली होती. फुकटचा मार्क कुणाला द्यायचा नाही. हेडमास्तरांच्या मुलाला त्यांनी नापास केलेलं. सख्ख्या भाचीला नापास केलेलं, आणि त्यावरून वहिनी कितीतरी दिवस त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. पोराला एकच मार्क कमी पडतोय म्हणून रडत आलेल्या एका बापाला त्यांनी पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, त्याचे डोळे पुसून होईपर्यंत थांबल्या आणि तसाच परत पाठवला. देवाकडे एक वेळ वशिला लागेल, बाईंकडे लागायचा नाही, असं लोक म्हणत. ऐकलं की बाईंना मनातून गुदगुल्या व्हायच्या. चेहरा मात्र खडूसच ठेवायच्या.

ही परदेशी मंडळी कोण, तेही सांगायला हवं. त्यांचं एक धर्मसेवेचं मंडळ होतं. घरदार, नोकरी सोडून, पदरमोड करून ही माणसं दोन-तीन वर्षं परक्या मुलखात राहायला येत. पगार नाही, मान नाही, आणि ज्यांची सेवा करायची त्यांनी 'या' म्हटलेलं नाही. दारोदार जायचं, आपल्या देवाबद्दल दोन शब्द बोलायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांची औषधं आणून द्यायची, आणि कुणी दार आपटलं तर हसून पुढच्या दाराशी जायचं. पहिली परीक्षा पास होईपर्यंत शहरात राहायचं, मग डोंगरातल्या दवाखान्यावर. मंडळाचा एक नियम मात्र कडक होता. कुणी एकटं राहायचं नाही. जाईल तिथं दोघं, आणि एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. एकीला चप्पल शिवून घ्यायची असली तरी दुसरी चांभाराच्या पेटीपाशी उभी. गल्लीनं त्यांचं नाव जोडगोळी ठेवलं. वर्षानुवर्षं माणसं बदलली, नाव तेच राहिलं.

त्या वर्षीच्या जोडगोळीत एक थोरली होती नि एक लहानी. थोरली वयानं मोठी, आधी कुठेतरी हिशेबनीस होती. मोजकं बोलायची आणि सगळं बघायची. लहानी शिकलेली नर्स. अंगापिंडानं मोठी, हात कामाला वाघ आणि भाषेत ठार ढ. भाषा तिच्या डोक्यात शिरायची, पण जिभेपर्यंत पोचताना वाटेत कुठंतरी सांडायची. एकदा या दोघी हसतमुखानं एका घरात शिरल्या, तर तिथं सकाळीच आजोबा गेलेले. लहानीनं पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, 'आज तुमच्या घरात आनंदाची बातमी घेऊन आलो आहोत!' थोरलीनं तिचा दंड इतका जोरात दाबला की काळानिळा पडला. पण मग लहानी काही न बोलता आत गेली. पाहुण्यांच्या कपबशांचा ढीग पडला होता, तो घासायला बसली आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. त्या घरची सून पुढे रस्त्यात भेटली की तिला थांबवून बोलायची. एकदा चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीचा गॅस सिलिंडर या दोघींनी चढवला, आणि वर गेल्यावर कळलं की म्हातारीला तो खाली न्यायचा होता. कुत्री तर लहानीला ओळखून होती. थोरलीकडे बघायचीसुद्धा नाहीत, लहानीच्या मात्र मागे लागायची. ती पळायची ना, म्हणून.

'अगं, पळू नको, उभी राहा,' बाई सांगायच्या.

'बाई, कुत्र्याला सांगा ना,' लहानी म्हणायची.

बाईंकडे शिकवणी रोज दुपारी. आतल्या खोलीत टेबल नि फळा होता, तिथं एका वेळी एकीलाच घेऊन बसायच्या. दोघींना एकत्र घेतलं की हुशार बोलते आणि दुसरी मान डोलावते, हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. पण मंडळाचा नियम आड यायचा. मग आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायचं, आणि जिची पाळी नसेल तिनं बाहेरच्या खोलीत, समोर दिसेल अशा खुर्चीत बसायचं. त्या खुर्चीशेजारी पलंग होता, आणि पलंगावर काका.

काका म्हणजे बाईंचे यजमान. भाजीच्या ठोक बाजारात ते लिलाव पुकारायचे. कांद्या-बटाट्याच्या ढिगावर उभं राहून असा आवाज लावायचे की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस थांबून भाव ऐकायचा. बाजारानं त्यांना 'भोंगा' नाव दिलं होतं. तरुणपणी बाई शाळेची मुलं घेऊन बाजार दाखवायला गेल्या होत्या. मुलं त्या आवाजानं रडायला लागली. बाई सरळ ढिगापाशी गेल्या आणि म्हणाल्या, 'जरा हळू बोलता येत नाही का? मुलं घाबरतात.' भोंग्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढचा अख्खा गाडा कुजबुजत विकला. व्यापारी कानाला हात लावून वाकून उभे, सगळा बाजार हसतोय आणि हा कुजबुजतोय. लग्नाला दोन्ही घरांतून विरोध झाला. शिकलेली मुलगी आणि ढिगावर उभा राहणारा माणूस! पण झालं लग्न. तेव्हापासून ते बाईंना 'मास्तरीण' म्हणायचे. चहा हवा असला तरी मास्तरीण, भांडण झालं तरी मास्तरीण, आणि लोक नसताना अगदी हलक्या आवाजात म्हणायचे तेव्हाही मास्तरीणच. मूलबाळ झालं नाही. घरात आवाज असायचा तो त्यांचाच, आणि तो दहा पोरांना पुरेल इतका होता.

एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले ते बसलेच. अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, 'त्यांना सगळं कळतं. शब्द आत आहेत, फक्त बाहेर येण्याची वाट बंद झाली आहे. रोज त्यांच्याकडून बोलून घ्या. उघडेल थोडी थोडी.'

बोलून घेण्यात बाईंचा जन्म गेलेला. त्यांनी शाळेची चित्रं काढली. बदक, कप, चावी. कप दाखवायच्या आणि म्हणायच्या, 'हं, काय हे? क... क...' काकांच्या घशातून नुसतीच घरघर यायची. बाई पुन्हा म्हणायच्या, 'नाही. नीट बघा. क...' कुणाला चुकीवर सोडायचं नाही, ही तर त्यांची ख्याती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांनी डाव्या हातानं ती चित्रं भिरकावली आणि भिंतीकडे तोंड केलं. ज्याच्या आवाजावर बाजार चालायचा त्याला बदक ओळखायला लावलं तर तो दुसरं काय करणार! पण हे बाईंना कुणी सांगितलं नाही, आणि सुचलंही नाही. त्यांनी चित्रं गोळा करून कपाटात ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर घालून रडल्या. पुढे बारा-चौदा महिने त्या घरात फक्त शिकवणीचा आवाज होता.

मग लहानी त्या खुर्चीत येऊन बसली. थोरली आत धडा गिरवायची आणि ही बाहेर आकडे पाठ करायची. इथले आकडे म्हणजे परक्या माणसाला शिक्षाच. प्रत्येकाचं तोंड वेगळं, कुणाचा कुणाशी मेळ नाही. लहानी चाळिशीपर्यंत कशीबशी यायची आणि पुढे अडखळायची. त्या दिवशी तिनं सत्तेचाळीस म्हटलं, अठ्ठेचाळीस म्हटलं, आणि थेट पन्नासवर उडी मारली.

'एकोणपन्नास!'

आत बाईंच्या हातून खडू पडला. तो आवाज पलंगावरून आला होता. जाडा, घोगरा, तिरका, पण बाजारातला. लहानीनं काकांकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, 'परत सांगा ना काका, काय?' काका चिडून परत ओरडले, 'एकोणपन्नास!' आणि पुढे आपोआप आलं, 'पन्नास, एकावन्न, बावन्न...' थांबेचनात. बाई दारात उभ्या राहिल्या. पुढे जायची त्यांना भीती वाटली. आपण काहीतरी सुधारायला जाऊ आणि हा धागा तुटेल, अशी ती भीती होती. थोरलीनं मागून येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत दुसरी शाळा भरायला लागली. बाईंपुढे काका विद्यार्थी होते, लहानीपुढे मास्तर होते, एवढाच काय तो फरक. पण सगळं त्याच्यातच होतं. लहानी इतकी चुकायची की काकांना गप्प बसवेना. ती भाजीवाल्याकडून काय आणलं ते सांगायची, मुद्दाम नव्हे, खरोखरच चुकीचं सांगायची, आणि काका कपाळाला हात लावून एकेक शब्द बाहेर ढकलायचे. 'वांगं!' 'महाग!' 'फसवलं!' मग दोघं हसायची. काका चांगल्या राहिलेल्या अर्ध्या तोंडानं आणि ती सगळ्या अंगानं. तिची भाषाही काकांच्या संगतीत सुटली. बाईंच्या टेबलावर जी मुलगी दगडासारखी बसायची ती आता बाजारी थाटात बोलायला लागली. एकदा तर रिक्षावाल्याला तिनं काकांचं लिलावातलं 'पुढचं बोला!' म्हणून असं दटावलं की त्यानं मुकाट भाडं कमी केलं.

तोंडी परीक्षेचा निकाल ही बाईंची मक्तेदारी होती. मंडळाच्या प्रमुखांनी तो पूर्ण त्यांच्यावर सोपवला होता. डोंगरातल्या दवाखान्यावर जाणाऱ्या नर्सला तर त्यांची परीक्षा द्यावीच लागे, कारण छातीत दुखतंय की पोटात हे जिला कळत नाही ती नर्स रोग्याच्या काय कामाची! बाई तिला सरकारी रुग्णालयाच्या बाहेरच्या दालनात न्यायच्या. कुणाही अनोळखी माणसाशेजारी बसायचं, त्याच्याशी बोलायचं आणि त्याला काय होतंय ते येऊन सांगायचं. लहानीची पहिली खेप झाली तेव्हा तिनं कान तपासायला आलेल्या एका म्हाताऱ्याला हाताला धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. तो वाट चुकलाय, असं तिला वाटलं. बाईंनी नापास केलं. लहानी स्वतःच हसली आणि म्हणाली, 'बरोबर आहे, बाई.' ती खेप आकड्यांच्या आधीची.

दुसरी खेप ठरली त्याच्या आदल्या दुपारी काकांनी बाईंना हाक मारली. म्हणजे मारायचा प्रयत्न केला. बाई चहा घेऊन गेल्या, कप ठेवला, आणि काकांनी त्यांचं मनगट धरलं. 'मास...' ओठ जुळले, सुटले. 'मास...' पुढचं येईना. घामानं कपाळ भिजलं. बाईंनी या वेळी काही सुधारलं नाही, काही सुचवलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. लहानी खुर्चीतून म्हणाली, 'राहू दे काका, उद्या आणू बाकीचं.' आणि काका तिच्याकडे बघून हसले.

त्या संध्याकाळी बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं, की ही पास झाली तर सोमवारी डोंगरात जाणार.

रुग्णालयाच्या दालनात त्या दिवशी गर्दी होती. लहानी इकडे तिकडे पाहून एका बाईशेजारी जाऊन बसली. ती बाई शाल घट्ट लपेटून बसली होती आणि जो विचारेल त्याला सांगत होती, 'काही नाही हो, पित्त झालंय.' आपल्या बाई मागच्या बाकावर, कान टवकारून. लहानीनं आजार विचारलाच नाही. मुलं किती, मोठा कितवीत, सासूबाई काय म्हणतात, असं चाललं होतं. मध्येच काकांचा एक बाजारी शब्द आला आणि ती बाई खुदकन हसली. हसता हसता रडायला लागली. लहानीनं डोकं तिच्या डोक्याजवळ नेलं. पुढचं बाईंनासुद्धा ऐकू आलं नाही. लहानी उठली ती थेट आत सिस्टरकडे गेली, आणि दोन मिनिटांत स्ट्रेचर आलं. त्या बाईला कितीतरी दिवस रक्तस्राव होत होता. घरच्यांच्या भीतीनं तिनं तो लपवला होता. आणखी एक दिवस गेला असता तर जिवावर बेतलं असतं, असं सिस्टर म्हणाली.

बाईंनी जन्मभरात घेतलेल्या परीक्षांत इतका चांगला पेपर कुणी लिहिला नव्हता. हे त्यांना त्या क्षणी, त्या बाकावर, अगदी स्वच्छ कळलं. लहानी हात पुसत समोर येऊन उभी राहिली. चेहरा फुललेला. थोरली नियमाप्रमाणे खांबाशी उभी होती, तीही हसत होती.

बाई म्हणाल्या, 'अजून कच्ची आहेस.'

लहानीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. 'काय, बाई?'

'बोलतेस ठीक. ऐकण्यात कमी पडतेस. तिला दोनदा परत विचारावं लागलं तुला.'

'पण ती... तिचं मी...'

'ती नशिबानं सापडली. नशिबावर दवाखाना चालत नाही. आणखी तीन-चार महिने थांब. मग बघू.'

ऐकण्याचंच नाव त्यांनी का घेतलं? कारण बोलणं चारचौघांना ऐकू येतं. कुणाला किती ऐकू आलं, याचा साक्षीदार नसतो. चाळीस वर्षं मुलांच्या लबाड्या पकडणाऱ्या बाईंना लबाडी कशी करायची हे बरोबर माहीत होतं. घरी येताना त्यांनी मनाशी म्हटलं, तीन महिने, फक्त तीन महिने. डोंगर काही पळून जात नाही. मुलगी तरुण आहे, तिच्याकडे दिवस आहेत. आमच्याकडे किती आहेत? खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणून तर ते फार पोखरत होतं.

त्या आठवड्यात लहानी शिकवणीला आली, पण आली म्हणजे नुसतं शरीर आलं. टेबलाशी बसली की विचारलेल्याचं उत्तर देण्याआधी बाईंच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, 'मला बरोबर ऐकू आलं ना?' साध्या 'बस' या शब्दालासुद्धा. बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायला लागली. काकांशेजारी बसायची, त्यांचा हात हातात घ्यायची, पण आकडे म्हणेना, चुका करेना. काकांनी आपणहून सुरुवात केली, 'एक... दोन...' आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं नुसती मान हलवली. काकांनी मग आतल्या दाराकडे, बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं. येईल ताळ्यावर, त्या स्वतःला बजावत होत्या. नापास झालं की पोरं चार दिवस रुसतात, मग अभ्यासाला लागतात. आजवर असंच झालेलं.

पुढच्या शुक्रवारी शिकवणीच्या वेळेआधीच दारात टॅक्सी थांबली. थोरली उतरली, मागून लहानी. टॅक्सीच्या टपावर लहानीची मोठी पेटी बांधलेली. बाईंना वाटलं, मंडळानं दुसऱ्या शहरात बदली केली असेल. मंडळाची बदली अशीच यायची, आज सांगून उद्या निघायचं.

लहानी बाहेरच्या खोलीत उभ्या उभ्याच म्हणाली, 'बाई, मी घरी जाते. माझ्या घरी. मीच मंडळाच्या साहेबांना सांगितलं.'

'अगं, घरी? म्हणजे कुठं घरी?' बाईंनी टॅक्सीवरच्या पेटीकडे पाहिलं. 'मी तीन महिने थांब म्हटलं होतं ना?'

'तीन महिन्यांनी मी पास होईन. पण बाई, नशिबानं झाले तर?' ती सावकाश, शब्द जुळवून बोलत होती. 'तुम्ही म्हणालात ते खरं आहे. ती बाई नशिबानं सापडली. मला वाटलं होतं, मला कळलं. मला इतकं पक्कं वाटलं होतं, आणि ते बरोबर नव्हतं. मग डोंगरात मला पक्कं वाटेल आणि कुणी मरेल. त्यापेक्षा माझ्या देशात माझ्या भाषेत काम करते. देवाला इथं मी नको असेन.'

आता बोललं नाही तर कधीच नाही, हे बाईंना कळलं. पलंगावर काका उशीला टेकून बसले होते, सगळं ऐकत होते. त्यांच्यासमोर बोलायचं, हे त्याहून अवघड होतं. तरी बाई बोलल्या.

'ऐक माझं. तू पास झाली होतीस. नुसती पास नाही. तुझ्याइतकं चांगलं कुणी केलं नव्हतं. मी खोटं बोलले. तू गेलीस तर...' त्यांनी पलंगाकडे हात केला, 'हे पुन्हा गप्प होतील म्हणून. माझ्या स्वार्थासाठी तुला अडकवून ठेवलं मी. तू कच्ची नाहीस गं.'

 मग लहानीचे डोळे भरून आले. तिनं पुढे होऊन बाईंना मिठी मारली, आपल्या त्या मोठ्या हातांनी, आणि त्यांच्या डोक्यावरून थोपटलं.

'किती चांगल्या आहात तुम्ही,' ती म्हणाली. 'मला वाईट वाटू नये म्हणून. तुम्ही! तुम्ही कधी कुणाला एक मार्क दिला नाही आणि माझ्यासाठी...'

'अगं खरं सांगतेय! देवाशपथ!'

'हो, हो, बाई,' लहानी म्हणाली. लहान मुलाला म्हणतात तसं.

बाईंनी थोरलीकडे पाहिलं. 'तू तरी सांग हिला. तू होतीस तिथं.' थोरलीनं बाईंकडे बराच वेळ पाहिलं. हिशेब जुळल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. तिनं लहानीला त्यांच्या भाषेत काहीतरी भराभरा सांगितलं. लहानीनं मान हलवली, हसली, पुन्हा हलवली. तिला कुणाचंच पटत नव्हतं. पटणार कसं? जिनं आयुष्यात कुणाला खोटा निकाल दिला नाही तिनं आपल्यालाच दिला असेल, यावर शहाण्या माणसानं का विश्वास ठेवावा! बाहेरून टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला.

लहानी काकांजवळ गेली, गुडघ्यावर बसली, त्यांचा डावा हात स्वतःच्या गालाला लावला. 'काका, येते.' काकांचे ओठ हलले. त्यांनी सगळी शक्ती लावली होती हे दिसत होतं, मानेच्या शिरा तटतटल्या. पण शब्द आला नाही, आकडासुद्धा आला नाही. लहानी उठली. थोरली शेवटी दारात थांबली आणि अगदी हळू म्हणाली, 'बाई, तिला त्या रात्री झोप लागली नव्हती. आठ दिवस होते तुमच्याकडे सांगायला.' एवढंच. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

मग बाईंनी काय काय केलं नाही! तशाच अनवाणी मंडळाच्या कचेरीत गेल्या, प्रमुखांपुढे सगळं कबूल केलं. ते भले गृहस्थ. विमान सुटायच्या आधी त्यांनी विमानतळावर फोन लावला आणि लहानीला समजावलं. फोन ठेवून ते म्हणाले, 'ती म्हणते, बाईंना त्रास देऊ नका, त्या फार प्रेमळ आहेत.' बाई खुर्चीत बसून राहिल्या. प्रेमळ! जन्मात पहिल्यांदा कुणी त्यांना प्रेमळ म्हटलं होतं.

शिकवणी त्यांनी सोडली नाही. सोडली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायला त्या तयार होत्या, पण कुणी खरं मानलं नसतं, हे त्यांना आता पाठ झालं होतं. परीक्षा घ्यायचं मात्र त्यांनी सोडलं. मंडळानं त्यासाठी दुसरं माणूस नेमलं. नवी जोडगोळी आली. त्यातला एक मुलगा बाहेरच्या खुर्चीत बसून आकडे घोकायचा. तोही चुकायचा, आणि सगळ्यांसारखा एकोणपन्नासपाशीच. काका ऐकत असायचे. चूक कळली की त्यांची भुवई किंचित वर जायची, म्हणजे कळत होतं. पण तोंडातून काही निघायचं नाही.

बाई काकांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं. 'नवीन काही झालेलं दिसत नाही,' त्या म्हणाल्या. 'आधी जितकं येत होतं तितकं यायला हरकत नाही. कधी कधी माणसाला बोलावंसं वाटायला हवं असतं.'

घरी आल्यावर बाईंनी काकांना पलंगावर बसवलं, पाठीमागे उशी लावली आणि चहा केला. कप हातात घेऊन त्या लहानीच्या खुर्चीत बसल्या.  मग म्हणाल्या, 'अहो, एक विचारू? येत नाही म्हणून गप्प आहात, की माझ्याशी बोलायचं नाही म्हणून?' आणि आपला हात त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला. 'येत नसेल तर नुसता हात दाबा. मला तेवढं पुरे.'

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना प्रश्न कळला होता, सगळंच कळत होतं. हात मात्र बाईंच्या हातावर तसाच पडून राहिला. दाबलाही नाही आणि काढूनही घेतला नाही. बाईंनी वाट पाहिली. चहावर साय धरली. मग त्यांनी ती चमच्यानं काढली, कप काकांच्या ओठांशी धरला, आणि काकांनी तो प्यायला.